आमच्या हायस्कूलची स्मरणिका: घ्यावी का नाही?

तालुक्याच्या मुलांच्या हायस्कूलनं जुन्या इतिहासाची स्मरणिका काढली, मोठ्या भावानं मागवली न मी वाचून काढली. पहिला भाग लय भारी आहे. जुन्या दाखल्यांचे फोटो टाकलेत, शाळा तीच, गाव तेच, पण १९५५चा दाखला मध्य प्रदेशचा, १९५८चा मुंबई राज्याचा न १९६१चा महाराष्ट्राचा, म्हणजे पोरगं बाकावरून हललं नाही न तीन राज्यं पाहून झाली! १९५६पर्यंत आपला विदर्भ मध्य प्रदेशात होता न त्याची राजधानी नागपूरच होती, हे आताच्या पोरांना सांगावं लागते बाप्पा. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, मग कास्तकाराच्या पोरांना शिक्षण कसं जवळ आलं तेही नीट लिहिलंय.

पण वसतिगृहावर दोनच ओळी, कावून? लांबच्या खेड्यातली पोरं तर तिथंच राहत. अन् अर्धं पुस्तक नुसते शुभेच्छा संदेश, सत्काराचे फोटो न कृषी केंद्राच्या जाहिराती. छपाई चांगली, बाइंडिंग कच्चं, पानं सुटतात. पैसे घालायचे नसतील तर वाचनालयात एक कॉपी ठेवलीय, दाखल्यांची पानं तिथंच पाहून घ्या.