आठ महिने हवामानाचा अंदाज रोज वहीत उतरवला: कोणता तपशील कामाला आला, कोणता नाही

आमची अडीच एकर द्राक्षबाग उत्तर सोलापूर तालुक्यात आहे, लागून दोन एकर रब्बी ज्वारी. मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला जातात. त्यामुळे फवारणी कधी, मजूर कधी सांगायचे, छाटणी कोणत्या तारखेला, हे मी आणि मामा (माझे सासरे) मिळून ठरवतो.

26 मे 2025 ला मोसमी पावसाची सीमारेषा मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरपर्यंत येऊन पोचली. रोहिणी नक्षत्र लागून एकच दिवस झाला होता. खरड छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटींवर डाउनी (ओलाव्यात वाढणारा बुरशीचा रोग) दिसायला लागली, सरींमध्ये पाणी साचलं, आणि माझ्या फोनवर रोज तेच चित्र: ढग, मागून डोकावणारा सूर्य, खाली तीन थेंब. त्या चित्राकडे बघून मी एकाच आठवड्यात दोन फवारण्या केल्या. दोन्ही धुऊन गेल्या. औषध गेलं, डिझेल गेलं, मजुरी गेली. तीन थेंब म्हणजे किती पाऊस, किती वाजता, आणि तो येईलच याची खात्री किती, हे त्या चित्रात कुठेच नव्हतं. दुसरी फवारणी धुऊन गेली त्याच संध्याकाळी मुलाची कोरी वही घेतली आणि रकाने आखले.

एका बाजूला अंदाज लिहायचे: फोनसोबत आलेल्या ॲपमधला, मेघदूत या सरकारी ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला, हवामान खात्याच्या प्रादेशिक अंदाजाचा मजकूर आणि एका परदेशी ॲपमधला वाऱ्या-पावसाचा नकाशा. दुसऱ्या बाजूला बांधावरच्या खांबाला बांधलेल्या प्लास्टिकच्या पर्जन्यमापकात प्रत्यक्ष किती पडलं ते. आज जानेवारी अखेर. आठ महिने झाले, दोन वह्या भरल्या. अंदाज खरा ठरतो की खोटा हे मोजायला मी बसले होते. पण शिकायला मिळालं ते वेगळंच, म्हणून हे लिहितेय.

जुलै संपेपर्यंत माझ्या वहीत जिल्ह्याचा अंदाज सारखा नापास होत होता. बुधवारी 12 मिमी लिहिलेलं असायचं आणि बुधवारी दिवसभर ऊन. मंगळवारी संध्याकाळी मात्र जोरात येऊन गेलेला असायचा, जो मंगळवारच्या रकान्यात नव्हताच. मी दोन्ही दिवसांपुढे फुली मारायची. मामा म्हणायचे, "पोरी, आभाळाचं गणित कागदावर मांडून जमतंय व्हय?" मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या एका शेतकरी मेळाव्यात हवामान केंद्रावर नोकरी केलेले एक निवृत्त गृहस्थ भेटले. वही चाळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो?"

पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. जगभर नोंदी घेण्याच्या ठरलेल्या वेळा आहेत, त्यात ग्रिनिचचे पहाटेचे तीन म्हणजे आपले साडेआठ. म्हणून बुधवारच्या नावावर लिहिलेला पाऊस हा मंगळवारी सकाळी साडेआठपासून बुधवारी सकाळी साडेआठपर्यंतचा. आमच्याकडचा पाऊस बहुतेक वेळा संध्याकाळी किंवा रात्री येतो. त्यामुळे बरोबर आलेला एक अंदाज माझ्या वहीत दोनदा चुकीचा ठरत होता. घरी येऊन जून-जुलैची सगळी पानं पुन्हा जुळवली, रात्री साडेअकरापर्यंत बसले. निम्म्याहून जास्त फुल्या खोडाव्या लागल्या.

माझं सगळ्यात ठाम मत इथेच तयार झालं. सामान्य माणसाला समजणार नाही म्हणून जो तपशील गाळला जातो, त्याच्याशिवाय उरलेला सोपा अंदाज चुकीचा वाचला जातो. "24 तास, सकाळी साडेआठपर्यंत" एवढे चार शब्द. ते आकड्याशेजारी छापले असते तर आमच्या भागातल्या किती जणांचा अंदाजावरचा विश्वास उडाला नसता, याचा विचार मी अजून करते.

दुसरी गोष्ट मिलिमीटरची. गावात कुणाला विचारलं तर मिमी म्हणजे शिकलेल्यांचं माप. खरं तर सोलापूरकरांना ते सगळ्यांत लवकर कळायला हवं, कारण टँकर आपल्याइतके कोणी मोजले नसतील. 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, एकरावर सुमारे 4,000 लिटर. 25 मिमी पडला तर एका एकरात लाखभर लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. हे मी बचतगटाच्या बैठकीत फळ्यावर मांडलं तेव्हा एकीनेही "अवघड आहे" म्हटलं नाही. उलट जाऊबाईंनी तिथल्या तिथे आपल्या शेततळ्याचा हिशेब केला.

म्हणून अंदाजात "मध्यम पाऊस" एवढंच लिहून आलं की माझं समाधान होत नाही. सरकारी वर्गवारीत मध्यम म्हणजे 24 तासांत 15.6 ते 64.4 मिमी, आणि 64.5 पासून पुढे जोरदार. शहरासाठी ही विभागणी ठीक असेल. माझ्या काळ्या रानात 16 मिमी झाला तर दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर आत जातो, 60 झाला तर चार-पाच दिवस माणूससुद्धा जात नाही. बाग पोंगा अवस्थेत (कोंब फुटताना) किंवा फुलोऱ्यात असेल तर हा फरक म्हणजे वर्षाचं पीक. शब्द ठेवा, पण त्याच्याशेजारी आकडाही द्या.

ठिकाणांच्या शब्दांचंही तसंच आहे. "तुरळक ठिकाणी" हे मी वर्षानुवर्षं "थोडासा पाऊस" असं वाचत आले. त्याचा पावसाच्या जोराशी काही संबंध नाही. विभागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. "बहुतांश ठिकाणी" म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस धो-धोही असू शकतो. शिवाय हा विभाग केवढा! सोलापूर मध्य महाराष्ट्रात धरतात, त्यात पार नाशिक-जळगावही आले. माझं माहेर तुळजापूरकडचं, इथून पाऊण-एक तासाच्या वाटेवर, पण ते मराठवाडा विभागात. आईला फोन केला की आम्ही दोघी वेगवेगळा अंदाज वाचत असतो आणि आभाळ एकच असतं.

फोनसोबत आलेल्या ॲपवर "तुमचं ठिकाण" म्हणून आमच्या गावाचं नाव येतं आणि पुढे तासातासाचा पाऊस, तोही दशांश चिन्हासकट. सुरुवातीला ते मला फार आवडलं होतं. मे महिन्यात ज्या दिवशी मोसमी पाऊस इथे पोचला, त्याच दिवशी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली, अंदाज काढणारी भारत फोरकास्ट सिस्टीम देशाला मिळाली. ती 6 किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करते, आधी ही चौकट 12 किलोमीटरची होती. प्रगती मोठी आहे. पण 6 गुणिले 6 म्हणजे 36 चौरस किलोमीटर, 3,600 हेक्टर, आणि माझी बाग 1 हेक्टर. एका चौकटीत माझ्यासारख्या तीन हजार सहाशे बागा बसतील. त्या सगळ्यांचा मिळून एक आकडा. तो आकडा माझ्या बांधाचा म्हणून दाखवणं, आणि तेही चौदा दिवसांनंतरच्या दुपारी तीन वाजताचा, याला मी तपशील म्हणत नाही. तिथे खरी माहिती संपलेली असते आणि नुसते आकडे चालू राहतात. हवामान खात्याचा दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज मला म्हणूनच भरवशाचा वाटतो. तो लांबच्या तारखा सांगत नाही, आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा एवढाच कल सांगतो. ऑक्टोबर छाटणी आठ दिवस पुढे ढकलण्याचा निर्णय आम्ही त्यावर घेतला.

शक्यतेच्या टक्क्यांबद्दल माझं मत आठ महिन्यांत पूर्ण बदललं. "30 टक्के पाऊस" हे आधी मला पळवाट वाटायचं, पडला तरी बरोबर, नाही पडला तरी बरोबर. आमच्या शेजारच्या काकांना वाटायचं तीस टक्के शिवार भिजणार, मिस्टरांना वाटायचं दिवसाचा तीस टक्के वेळ. वहीत 30 टक्क्यांचे दिवस वेगळे काढले तेव्हा दर दहातल्या दोन-तीन दिवशी माझ्या मापकात पाणी आढळलं. मग तो आकडा वापरता यायला लागला. स्वस्त बुरशीनाशक मारायचं असेल तर 30 टक्क्यांचा धोका मी घेते. महागडं आंतरप्रवाही (झाडात शोषलं जाणारं) औषध असेल, किंवा जीएत (मणी फुगवणाऱ्या संजीवकात) घड बुडवायला वीस बायका सांगायच्या असतील, तर 30 टक्क्यांना थांबते. शेजारचे काका तेच 30 टक्के बघून उलट ठरवतील, कारण त्यांची बाग दहा दिवस पुढे आहे. निर्णय आमचा आम्हाला घेऊ द्यायचा असेल तर खात्री किती आहे ते आमच्यापासून लपवून कसं चालेल?

वारा आणि आर्द्रता हे रकाने मी आधी उगाच भरत होते. आता सकाळी पहिल्यांदा तेच बघते. वारा दहा-बारा किलोमीटरच्या वर असला की औषध शेजारच्या रानात जातं. पहाटेची आर्द्रता 90 च्या पुढे आणि आभाळ भरलेलं असलं की पानं उशिरापर्यंत ओली राहतात, मग पाऊस शून्य असूनही डाउनी येते. हे चित्रातल्या ढगाला कधीच सांगता येणार नाही. ढगांचं माप मात्र "ऑक्टा" म्हणून लिहितात, त्याने माझे बरेच दिवस खाल्ले. आभाळाचे आठ भाग केले तर किती भाग ढगांनी झाकले, एवढंच ते आहे. "आठपैकी सहा" लिहिलं की सहावीतल्या मुलालाही कळतं.

विजेबद्दल थोडक्यात सांगते: दामिनी हे ॲप फोनमध्ये ठेवा. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या घेरात वीज पडत असल्याची सूचना येते, आणि तिथे मला जास्त काही वाचायचं नसतं. बायकांना बागेतून बाहेर काढायचं असतं.

अंदाजाच्या सुरुवातीला कारणांचा एक परिच्छेद असतो: अमुक भागावर समुद्रसपाटीपासून इतक्या किलोमीटर उंचीवर चक्राकार वारे, तिथून इथपर्यंत द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा). मी तो उडी मारून पुढे जायची. सप्टेंबरनंतर वाचायला लागले. आमच्याकडचे मोठे पाऊस बरेचदा बंगालच्या उपसागरातून निघालेली कमी दाबाची प्रणाली आंध्र-तेलंगण ओलांडून आली की होतात. 2020 च्या ऑक्टोबरात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेली तशीच एक प्रणाली दुसऱ्या दिवशी आमच्या डोक्यावर होती, त्याच पावसात पंढरपूरच्या कुंभार घाटाजवळ भिंत कोसळली. कारण माहीत असलं की प्रणाली शंभर किलोमीटर वर-खाली सरकली तर आपला आकडा किती बदलेल याचा अदमास घेता येतो. हा परिच्छेद राहावा, फक्त शेवटी यावा आणि दोन वाक्यांत आटोपावा.

आणि सीना. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, तो बहुतांशी वरच्या भागात पडलेल्या पावसाचा. मोहोळ तालुक्यात नदीकाठी राहणारी माझी मावसबहीण तेव्हा रोज आपल्या गावाचा अंदाज बघत होती. गावच्या पावसावरून नदीचं काहीच कळत नाही. सीना अहिल्यानगरकडून येते, वाटेत धाराशिवच्या बाजूचे ओढे-नाले घेते. उजनीचंही तसंच, धरण आमच्या जिल्ह्यात पण भरतं पुणे जिल्ह्यातल्या पावसावर, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. मग नदीकाठच्या गावांच्या अंदाजात वरच्या खोऱ्याचा पाऊस आणि धरणातून सोडलेलं पाणी या दोन ओळी का नसाव्यात? माझ्या यादीत ही सगळ्यांत मोठी उणीव आहे. बहिणीची दोन जनावरं त्या पाण्यात गेली.

मामा अजूनही नक्षत्रं धरतात. घरात दाते पंचांग आहे, ते निघतं आमच्याच सोलापुरातून, आणि या महिन्यात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होमानंतरची भाकणूकही (येत्या वर्षाचं भाकीत) ते श्रद्धेने ऐकून आले. मला त्यात काही खटकत नाही. भाकणुकीवर कुणी छाटणीची तारीख धरत नाही. ती कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फोनवरच्या ढगाच्या चित्राबद्दल हे कुणालाच सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरपासून मी गावातल्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी चार-पाच ओळी टाकते, मूळ पत्रक आणि नकाशे बघून. सुरुवातीला लांबलचक लिहायची, कुणी वाचायचं नाही. मग चित्रं टाकून पाहिली, त्यावर पुन्हा "म्हणजे नक्की किती वाजता?" असे फोन यायला लागले. आता ठरलेला साचा आहे. सध्या बागेत मण्यांत पाणी उतरतंय, या दिवसांत पावसाचे दोन तास मणी तडकवू शकतात, म्हणून पहिली ओळ त्याचीच असते. आजचा निरोप असा गेला:

"उद्या सकाळी साडेआठ ते परवा सकाळी साडेआठ. पाऊस 0 मिमी, येण्याची शक्यता दहात एकाहून कमी. पहाटे आर्द्रता 85 ते 90, दव पडेल, पानं साधारण नऊपर्यंत ओली. वारा सकाळी 5-6, दुपारी 12 किमी. आभाळ आठपैकी दोन. भुरीची फवारणी दव वाळल्यावर घ्या, अकराच्या आत उरका."

खाली तिघांनी विचारलं, परवाचं काय. परवाचा आकडा अजून दोन ठिकाणी वेगवेगळा दिसतोय, म्हणून तसंच लिहिलं: एकीकडे 0, एकीकडे 4 मिमी, उद्या संध्याकाळी पुन्हा बघून सांगते.