झॅबिक्स आणि जिरा: जोडणी सोपी, पण एकतर्फी

नेटवर्कवर लक्ष ठेवणारे झॅबिक्स आणि बिघाडांची तिकिटे, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी, सांभाळणारे जिरा यांना जोडायचे, तर पूर्वी स्वतःच स्क्रिप्ट लिहावी लागे आणि ती लिहिणारा नोकरी सोडून गेला की तिला हात लावायला कोणी धजावत नसे. 2019 मध्ये आलेल्या 4.4 या आवृत्तीने झॅबिक्समध्ये वेबहूकची, म्हणजे घटना घडताच दुसऱ्या सॉफ्टवेअरला वेबवरून आपोआप निरोप धाडण्याची, सोय आणली, आणि आता जिरासाठीचा तयार ‘मीडिया टाइप’ (सूचना पाठवण्याचा मार्ग) झॅबिक्सबरोबरच मिळतो. त्यासाठी वेगळा सर्व्हर किंवा मधले सॉफ्टवेअर लागत नाही.

बसवणी अवघड नाही. जिराचा पत्ता, प्रोजेक्टची की (त्याचे संक्षिप्त नाव), तिकिटाचा प्रकार, वापरकर्ता आणि टोकन एवढे भरावे लागते. जिरा क्लाउडवर पासवर्ड चालत नाही, एपीआय टोकनच, म्हणजे सॉफ्टवेअरांच्या आपसातील संवादासाठी पासवर्डऐवजी वापरायची गुप्त किल्ली, द्यावे लागते. झॅबिक्सचा स्वतःचा वेबपत्ता ग्लोबल मॅक्रोमध्ये (झॅबिक्सभर वापरता येणाऱ्या नामांकित मूल्यात) नोंदवणे हा टप्पा मात्र सहज नजरेतून सुटतो. झॅबिक्समधील वापरकर्त्याला सूचनांसाठी जोडलेल्या मीडियामधला ‘सेंड टू’ हा रकाना ही जोडणी वापरत नाही, तरीही तो रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे एखादे अक्षर टाकून मोकळे व्हावे लागते. इतक्या प्रौढ सॉफ्टवेअरमध्ये हे थोडे विचित्रच वाटते. झॅबिक्समध्ये तीव्रतेच्या सहा पातळ्या आहेत, तर जिरात प्राधान्यक्रम मुळात पाच, त्यामुळे कोणती पातळी कोणत्या प्राधान्यक्रमात जाईल हे आधी ठरवून ठेवावे.

या जोडणीसाठी झॅबिक्समध्ये एकच स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. हाच मीडिया गटातील अनेकांना दिला, तर प्रत्येकासाठी वेगळी विनंती जाते आणि एकाच बिघाडाची अनेक तिकिटे निघतात. शिवाय या वापरकर्त्याला संबंधित होस्ट ग्रुप (उपकरणांचा गट) वाचण्याची परवानगी नसेल, तर तिकीट निघतच नाही.

सर्वांत जमलेली गोष्ट म्हणजे तयार झालेल्या तिकिटाचा क्रमांक झॅबिक्स त्या घटनेच्या टॅगमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या खुणेत, साठवतो. त्यामुळे बिघाड दुरुस्त झाल्याची किंवा कोणी शेरा मारल्याची माहिती नव्या तिकिटात न जाता त्याच तिकिटावर पोहोचते, आणि घटनेच्या मेनूतून थेट तिकीट उघडता येते. मात्र त्यासाठी ॲक्शनमध्ये (कोणत्या घटनेवर काय करायचे ते ठरवणाऱ्या नियमात) रिकव्हरी, म्हणजे दुरुस्ती, आणि अपडेट, म्हणजे शेरा वगैरे बदल, या दोन्हींची ऑपरेशन्स भरलेली हवीत.

तिकिटांचा पूर थोपवण्याचे काम मात्र ही जोडणी करत नाही. मुख्य स्विच बंद पडला आणि त्यामागची सगळी उपकरणे दिसेनाशी झाली, तर ट्रिगरांमधील (बिघाड ओळखणाऱ्या अटींमधील) अवलंबित्व आधी मांडलेले नसल्यास प्रत्येक उपकरणाचे स्वतंत्र तिकीट निघेल. क्षणभर तुटून पुन्हा जुळणाऱ्या लिंकसाठी तिकीट ॲक्शनच्या पहिल्या टप्प्याऐवजी दुसऱ्या टप्प्यावर काढणे उत्तम, म्हणजे मधल्या वेळेत लिंक जुळली तर तिकीट निघत नाही. फक्त टप्प्याचा कालावधी मुळात एक तासाचा असतो, तो काही मिनिटांवर आणायला विसरू नये.

खरी उणीव वेगळीच आहे. माहिती झॅबिक्सकडून जिराकडे जाते, उलट येत नाही. तंत्रज्ञाने जिरात तिकीट स्वीकारले किंवा बंद केले, तरी झॅबिक्सच्या पडद्यावर तो बिघाड ‘कोणीही न पाहिलेला’ असाच राहतो. ज्या संस्थेत रात्रपाळीचा माणूस झॅबिक्सच पाहतो आणि जिरा फक्त नोंदीसाठी आहे, तिथे ही जोडणी विनाखर्च आणि पुरेशी आहे. ज्यांचे सारे काम जिरातूनच चालते, त्यांनी जिराकडून झॅबिक्सकडे माहिती आणणाऱ्या परतीच्या वाटेसाठी झॅबिक्सच्या एपीआयवर स्वतंत्र काम करून घेण्याचा खर्च सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरावा.