पुसा रुबी की अर्का रक्षक?

इंदूरच्या काळ्या जमिनीत किंवा गच्चीवरच्या कुंडीत टोमॅटो लावायचा म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. पुसा रुबी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं जुनं, सरळ (म्हणजे संकर नसलेलं) वाण, तर अर्का रक्षक बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं संकरित.

रुबी लवकर येते, लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत. फळ चपटं, अंगावर खाचा, साल पातळ आणि चव चांगली आंबट. सार करावं तर हिचंच! पण दोन दिवस कट्ट्यावर राहिली की मऊ पडते. मंडीपर्यंत क्रेटमधून न्यायची तर खालचा थर चेपलाच म्हणून समजा.

रक्षकचं फळ ९० ते १०० ग्रॅमचं, घट्ट, लालभडक. उत्पन्नात तर तुलनाच नको, रुबी कितीतरी मागे. त्यात पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूंमुळे येणारी मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना ते तोंड देतं. हा विषाणू पसरवणारी पांढरी माशी वाढली की रुबीचे शेंडे आखडतात, पानं वाटीसारखी वळतात आणि पुढची फुलं गेलीच. मात्र रक्षकचं बी दरवेळी विकत आणावं लागतं, घरचं धरलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. रुबीचं बी खुशाल राखेत घोळून डब्यात ठेवा.

आधाराच्या काठ्या दोघींनाही हव्यात. विकायचं असेल तर रक्षक, यात वाद नाही. घरच्यापुरत्या चार कुंड्यांत मी रुबीच लावेन.