सर्कशीचे संगीत: मूळ घ्यावे, संथ घ्यावे की ठेक्याचे?

व्यायामशाळेची वार्षिक प्रात्यक्षिके, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एखाद्या उपाहारगृहातील संध्याकाळ यांसाठी ‘सर्क द्यू सोलेय’ या कॅनडातील सर्कस-संस्थेचे संगीत लावावे असे ज्याच्या मनात येते, त्याला शोध सुरू करताच कळते की त्या संगीताची रूपे अनेक आहेत. प्रयोगांचे मूळ अल्बम आहेत, त्याच रचनांची संथ, चिलआउट धाटणीची रिमिक्स आहेत, नृत्याच्या ठेक्यावर बसवलेली रिमिक्स आहेत आणि याच रिमिक्सच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या एका स्वतंत्र प्रयोगाचा अल्बमही आहे. चाल ओळखीची निघाली म्हणून एकाच्या जागी दुसरे लावून भागत नाही, कारण प्रत्येकाचे काम निराळे आहे.

आधी मूळ संगीताविषयी. ही संस्था १९८४ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात स्थापन झाली आणि २०१८ च्या नोव्हेंबरात तिच्या ‘बझार’ या प्रयोगाचा जागतिक शुभारंभ मुंबईत झाल्यामुळे आपल्याकडेही तिचे नाव बऱ्यापैकी परिचित आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये भारतीय सर्कशीचा पाया घातला, तेव्हापासून तंबूतल्या बँडचा धडाका कानावर असलेल्या आपल्या लोकांना हे संगीत प्रथम सर्कशीचे वाटतच नाही. ‘साल्तिंबांको’ आणि ‘अलेग्रिया’साठी रने द्युपेरे, ‘किदाम’ आणि ‘ओ’साठी बन्वा ज्युत्रा, ‘द्रालियाँ’ आणि ‘वारेकाय’साठी व्हियोलेन कोराडी अशा संगीतकारांनी अख्ख्या प्रयोगासाठी सलग संगीत रचले. गाण्यांचे शब्द पुष्कळदा कोणत्याही देशाच्या भाषेतले नसतात, ते नादासाठी घडवलेले असतात. ज्याला प्रेक्षकांचे लक्ष शब्दांकडे जाऊ द्यायचे नाही, त्याला हा मोठाच फायदा आहे.

प्रयोगात हे संगीत प्रत्यक्ष वाजवले जाते. वाद्यवृंदाच्या प्रमुखाची नजर कलाकारावर असते; झुल्यावरची झेप हुकली आणि ती पुन्हा घ्यायची ठरली, तर तो काही मात्रांचा तुकडा फिरवत ठेवतो आणि पकड बसली की पुढच्या भागावर जातो. थोडक्यात, मूळ संगीत शरीराची वाट पाहते. मात्र अल्बमवर उतरताना ही सोय संपते. गाण्यातले चढ, थांबे आणि एकदम उसळणारे सूर तसेच राहतात, पण ते आता घड्याळाने बांधलेले असतात. मूळ म्हणजे नेहमीच सरस, असे मानणारे रसिक नेमकी हीच गोष्ट विसरतात.

रिमिक्सच्या बाजूला ‘तापी रूज’ या मालिकेतला ‘सोलॅरियम’ आणि ‘डेलिरियम’ असा दोन तबकड्यांचा संच सर्वांत सोयीचा आहे, कारण तुलना त्यात आयतीच मांडलेली आहे. संस्थेच्या तंबूलगत खास पाहुण्यांसाठी जे दालन असते त्याचे नाव ‘तापी रूज’च, आणि संचाचा बाजही त्या दालनाला शोभणारा आहे. ‘सोलॅरियम’ संथ, गप्पांच्या पाठीमागे चालणारी, ‘डेलिरियम’ नाचण्याची.

चिलआउट रूप घडवताना मूळ गायिकेचा आवाज किंवा एखादी ठळक सुरावट उचलून ती पसरट सिंथेसायझर आणि मऊ तालाच्या अंथरुणावर ठेवली जाते. या धाटणीत लय साधारणपणे मिनिटाला ८० ते ११० ठोक्यांच्या आसपास राहते आणि शेवटपर्यंत बदलत नाही. मूळ रचनेतला उत्कर्ष त्यामुळे बोथट होतो, हे मान्यच करावे लागेल. ‘अलेग्रिया’तला फ्रान्सेस्का गान्यों यांचा खरखरीत, ताणलेला स्वर ज्याने मूळ ऐकला आहे, त्याला अशा मऊ मांडणीत काहीतरी हरवल्यासारखे वाटेल. घरी निवांत ऐकण्यासाठी विचारत असाल, तर मूळ अल्बमच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

नृत्याच्या रिमिक्सबद्दल फार बोलण्याजोगे नाही. हाऊस धाटणीचा ठेका मिनिटाला १२० च्या पुढे, प्रत्येक मात्रेवर खर्जातला ठोका आणि डीजेला जोडकाम करता यावे म्हणून सुरुवातीला व शेवटी बराच काळ नुसताच ताल. नाशिक ढोलावर वाढलेल्या पायांना हा ठेका लांबट आणि सपाट वाटण्याचीच शक्यता अधिक.

खरेदी करताना नावाचा घोटाळा टाळावा. ‘डेलिरियम’ याच नावाचा एक स्वतंत्र प्रयोग मिशेल लम्यू आणि व्हिक्टर पिलोन यांच्या दिग्दर्शनाखाली जानेवारी २००६ मध्ये मॉन्ट्रियल येथे सुरू झाला आणि एप्रिल २००८ मध्ये लंडनला थांबला. त्यात जुन्या प्रयोगांतील रचना फ्रान्सिस कोलार यांनी नव्याने बांधल्या आणि अनेक गाण्यांना इंग्रजी शब्द मिळाले. तिथे कसरत दुय्यम आणि संगीत मुख्य होते. हा अल्बम ऐकायला भरगच्च आहे, परंतु कळणारे शब्द आले की प्रेक्षक गाणे ऐकू लागतो आणि समोरच्या मुलाकडे त्याचे लक्ष कमी होते, म्हणून प्रात्यक्षिकासाठी मी तो सुचवणार नाही.

आता मल्लखांब. बाळंभट्टदादा देवधरांना ही विद्या वणीच्या सप्तशृंगी गडावर सुचली, अशी परंपरा सांगते. तेव्हा नाशिक परिसरातल्या व्यायामशाळांमधून या संगीतावर मल्लखांब बसवण्याचा मोह व्हावा, हे स्वाभाविकच आहे. दोरीच्या मल्लखांबासाठी माझी पसंती निःसंशय चिलआउट रूपाला आहे. मुलगी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरून वर सरकते, अढी घालते, दोरी मांडीवरून फिरवून आसन लावते आणि मगच हात सोडते. तो हात सुटण्याचा क्षण दर वेळी एक-दोन सेकंद मागेपुढे होतो. मूळ अल्बमवर झांजांचा कल्लोळ ठरल्या जागी येतो आणि मुलगी अजून दोरीचा वेढा आवळत असते, हे दृश्य प्रेक्षकांनाही खटकते. त्याहून वाईट म्हणजे संगीत गाठण्याच्या घाईत पकड पक्की होण्याआधी हात सुटू शकतो. संथ रिमिक्समध्ये कल्लोळच नसतो, त्यामुळे चूक कोणाला दिसत नाही आणि घाईही होत नाही.

पुरलेल्या मल्लखांबावरचे मनोरे मात्र निराळे. एरंडेल लावलेल्या लाकडावर एकामागून एक मुले चढत जातात, फरारे आणि ताजवे हे मल्लखांबाचे प्रकार एकाच वेळी उघडतात, आणि शेवटच्या मुलाने वर उभे राहून सलामी देईपर्यंत दृश्य चढतच जाते. तिथे सपाट ताल कंटाळवाणा होतो, मूळ रचनेचा चढ हवाच. प्रशिक्षकाने मोजून तालीम घ्यावी आणि दृश्य वेळेआधी पूर्ण झाले तर मुलांना स्थिर राहायला शिकवावे. थांबलेला मनोरा शोभून दिसतो, संगीताच्या मागे धावणारा नाही.

संगीत कापून जुळवण्याचा विचार केल्यास रिमिक्सचे पारडे आणखी जड होते. लय मिनिटाला १०० असेल, तर चार मात्रांचे एक आवर्तन नेमके २.४ सेकंदांचे आणि सोळा आवर्तने ३८.४ सेकंदांची होतात. संगणकावर हवा तेवढा तुकडा कापला तरी सांधा कळत नाही. मूळ ध्वनिमुद्रणात लय श्वासागणिक हलते, गायनाचा शेपटा पुढच्या ओळीवर रेंगाळतो, आणि कापलेली जागा कानाला टोचते.

सभागृहाचाही विचार हवा. कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात मूळ संगीतातले बारकावे पोहोचतात. पत्र्याच्या छताखालच्या शाळेच्या हॉलमध्ये, दोन उभ्या स्पीकरवर, नृत्य-रिमिक्सचा खर्ज नुसता घुमतो आणि निवेदकाचे शब्द गिळतो. चिलआउटचा खर्ज थोडा कमी केला की तिथेही तो चालून जातो.

उपाहारगृहासाठी निवड सोपी आहे: सायंकाळी ‘सोलॅरियम’, आणि आवाज इतकाच की टेबलावरचे बोलणे मोठ्याने करावे लागू नये. मूळ अल्बम तिथे नको. जेवताना अचानक चढणारा स्वर दचकवतो. परवान्याचा भाग मात्र शाळा आणि उपाहारगृह या दोन्ही ठिकाणी सारखा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि उपक्रमाशी संबंधित व्यक्ती एवढाच प्रेक्षकवर्ग असताना ध्वनिमुद्रण वाजवण्यास सवलत आहे. उपाहारगृहाला किंवा तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ती लागू होत नाही. तिथे रचनेसाठी आणि ध्वनिमुद्रणासाठी वेगवेगळा परवाना लागू शकतो, आणि रिमिक्स घेतल्याने मूळ रचनाकाराचा हक्क संपत नाही. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.