जुना प्रवासी स्टोव्ह दुरुस्तीला घ्यायचा तर कोणता : पंपाचा रॉकेल स्टोव्ह की बिनपंपाचा पेट्रोल स्टोव्ह

जुना पितळी प्रवासी स्टोव्ह मिळवून, तो उकलून, दुरुस्त करून पुन्हा पेटता करण्याचा छंद ज्यांना लागू पाहतो आहे, त्यांना सुरुवातीलाच एक निवड करावी लागते. हाताने हवा भरावी लागणारा रॉकेलचा स्टोव्ह घ्यावा, की पंपाविना चालणारा पेट्रोलचा छोटा स्टोव्ह? दोन्ही पितळेचे असतात आणि घासल्यावर दोन्ही सारखेच देखणे दिसतात, त्यामुळे रूप पाहून घेणारा बहुधा फसतो. वातीच्या स्टोव्हचा विचार येथे केलेला नाही, कारण वाती बदलणे आणि गंज काढणे याखेरीज त्यात शिकण्यासारखे फारसे नाही आणि तो पाठीवरच्या पिशवीत नेण्याजोगाही नसतो.

पंपाच्या रॉकेल स्टोव्हचा आराखडा स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांचा आणि १८९२ सालचा आहे. त्यांच्या ‘प्रायमस’चे नाव आपल्याकडे कंपनी विसरून वस्तूलाच चिकटले. टाकीत हवा भरली की तिच्या दाबाने रॉकेल मधल्या नळीतून तापलेल्या बर्नरमध्ये चढते, तेथे त्याची वाफ होते आणि निपलच्या साधारण ०.३ मिलिमीटरच्या छिद्रातून ती वाफ जोराने बाहेर पडून हवेत मिसळत निळी जळते. प्रायमस ९६ हा याच घराण्यातला पत्र्याच्या डब्यात मावणारा प्रवासी नमुना असून त्याच्या टाकीत साधारण पाव लिटर रॉकेल बसते. पेट्रोलच्या बाजूला १९५५ साली आलेला स्वेआ १२३ आणि पत्र्याच्या पेटीत बसवलेला ऑप्टिमस ८आर हे दोन नमुने सर्वांत जास्त ओळखीचे आहेत. यांना पंप नसतो. टाकीतली सुती वात पेट्रोल वर खेचते, आणि पेटलेल्या बर्नरची उष्णता खाली टाकीपर्यंत पोहोचून आतला दाब स्वतःच तयार करते. स्वेआचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते, आणि यंत्र म्हणून पाहिले तर ही रचना अधिक चतुर आहे, हे मान्यच करावे लागेल.

परंतु निवड करताना स्टोव्ह चांगला चालतो कसा, यापेक्षा तो बिघडतो कसा, हे आधी पाहावे असे माझे मत आहे. रॉकेल स्टोव्हमधला दाब आपण पंपाने भरलेला असतो, त्यामुळे ज्योत वेडीवाकडी झाली, बर्नरच्या सांध्यातून रॉकेल झिरपू लागले किंवा नुसती शंका आली, तरी हवेची चावी सैल करताच तो दाब निघून जातो आणि स्टोव्ह थंडावतो. पेट्रोल स्टोव्हमध्ये दाब उष्णतेतून येतो. किल्ली फिरवून बर्नरकडे जाणारे पेट्रोल बंद करता येते, पण गळती झाकणाजवळ किंवा किल्लीच्या दांड्याजवळ असेल, तर टाकी गरम आहे तोवर तो दाब कमी करण्याचा उपाय आपल्या हाती नसतो. टाकी प्रमाणाबाहेर तापल्यास झाकणातला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो खरा, मात्र त्यातून सुटणारी वाफ शेजारच्या ज्योतीने पेट घेते. रॉकेल स्टोव्ह निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द वर्तमानपत्रांत वाचतच आपल्या आधीची पिढी म्हातारी झाली, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तो भर्र आवाज आजही नकोसा वाटत असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नये. स्टोव्ह गच्चीवर न्यावा.

दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर कोल्हापूरच्या माणसाला रॉकेल स्टोव्ह फार सोयीचा पडतो. जुन्या पंपाचा पहिला दोष बहुधा वाळून कडक झालेला चामड्याचा वॉशर हाच असतो, आणि त्यासाठी लागणारे चामडे येथे चप्पल करणाऱ्यांकडे कातरण म्हणून पडलेले असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि असे झाडपाल्यावर कमावलेले चामडे भिजवून दाबले की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते. रासायनिक क्रोमवर कमावलेले मऊ चामडे तसे वागत नाही. पंपाच्या नळीच्या व्यासापेक्षा दहा-बारा मिलिमीटर मोठी पातळ चकती कापावी, मध्ये भोक पाडून ती पाण्यात भिजवावी, पंपाच्या दांड्याएवढ्या बोल्टवर चढवून नळीच्याच मापाच्या पाइपच्या तुकड्यात वाटीसारखी दाबून बसवावी आणि रात्रभर तशीच सोडावी. दुसऱ्या दिवशी ती वाटी तेलात मुरवून पंपात घातली की दांडा दाबताना अंगठ्याला हवेचा जो घट्ट, लवचिक प्रतिकार जाणवतो, त्यातच या छंदाचे निम्मे सुख आहे. पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह काढण्यास लांब पान्याची गरज पडते, आणि तो वर्षानुवर्षांच्या राळेत अडकलेला असला तर धसमुसळेपणा करणाऱ्याच्या हातून नळीच पिळवटते. असा पाना शिवाजी उद्यमनगरातला कोणीही चांगला टर्नर नमुना पाहून करून देतो. बर्नरखालची शिशाची चकती दर वेळी नवी घालावी, आणि निपल केवळ पिनेने साफ करावे. छिद्र किंचितही मोठे झाले तर ज्योत पिवळी पडून भांडी काळी करते.

पेट्रोल स्टोव्हमध्ये सुटे भाग कमी असतात, पण जे असतात ते येथे सहजासहजी होत नाहीत. किल्लीच्या दांड्याभोवतीचे ग्रॅफाइटचे पॅकिंग, सुरक्षा व्हॉल्व्हमधला रबराचा बारीक तुकडा आणि त्यामागची ठरावीक ताणाची स्प्रिंग या वस्तू बाहेरदेशातून मागवाव्या लागतात, आणि त्या व्हॉल्व्हच्या बाबतीत ‘चालून जाईल’ हा आपला आवडता शब्द अजिबात चालत नाही. एका विक्रेत्याने ‘चालू स्थितीत’ म्हणून दिलेला असा स्टोव्ह मी गच्चीवर पेटवला, तेव्हा पाचव्या मिनिटाला झाकणाच्या कडेतून बोटभर लांबीची पिवळी ज्योत बाहेर आली आणि ओले पोते टाकून ती विझवावी लागली. झाकण उघडून पाहिले तेव्हा आतले रबर नखाने भुगा व्हावे इतके जुने झालेले होते. टाकीत तेव्हा चहाचा अर्धा कप भरेल एवढेही पेट्रोल नव्हते.

इंधनाच्या बाबतीत मात्र पारडे इतके सरळ झुकत नाही. रेशनचे निळे रॉकेल आता जवळजवळ दिसेनासे झाले आहे आणि खुल्या विक्रीचे पांढरे रॉकेल शोधावे लागते. पेट्रोल जागोजागी आहे, पण हे स्टोव्ह ज्या शुद्ध, मिश्रणविरहित पेट्रोलवर चालण्यासाठी बनले होते, ते आपल्या पंपांवर नाही. तेथे मिळते ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, जे हवेतले पाणी शोषते आणि जुन्या रबराला फुगवते, आणि सुटे पेट्रोल बाटलीत देण्यास पंपावर बहुतेकदा नकारच मिळतो. रॉकेल मिळत नाही म्हणून रॉकेल स्टोव्हमध्ये पेट्रोल घालण्याचा किंवा थोडे मिसळण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर त्याने हा छंद सोडून द्यावा. इतक्या स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज आहे.

कोणतीही जात घेतली तरी विकत घेताना टाकी पाहावी, बाकी सर्व नंतर. बर्नर बदलता येतो, पंप बदलता येतो, तडा गेलेली टाकी मात्र झाळून वापरणे म्हणजे दाबाखालच्या सांध्यावर जिवाचा भरवसा ठेवणे होय. टाकी रिकामी करून, हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवली की बुडबुड्यांची बारीक माळ दोष दाखवते. आपल्या भागातले पुष्कळ स्टोव्ह मळ्यातल्या गोठ्याच्या माळ्यावरून बाहेर येतात, आणि पितळेला तेथेच जास्त धोका असतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्करी तबेल्यांजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. मुतातला अमोनिया, दमट हवा आणि धातूत घडवताना राहिलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून अमोनिया असलेले पॉलिशही टाकीला लावू नये. चिंच आणि थोडे मीठ पुरते. मी एकदा घाईने टाकी सायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवली आणि सकाळी ती गुलाबी झालेली पाहिली, कारण आम्लाने वरच्या थरातले जस्त खाऊन तांबे मागे ठेवले होते. पेटवण्याआधी बर्नर तापवण्यासाठी स्पिरिटमध्ये भिजवून पेटवतात त्या जुन्या काकड्यावर किंवा बर्नरखालच्या स्पिरिटच्या वाटीत पांढरट तंतूंची गादी दिसली, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये, ओली करूनच काढावी.

वापराबद्दल थोडक्यात सांगता येईल. पन्हाळा ते पावनखिंड या जुलैतल्या वाटचालीत स्वेआ पिशवीत हलका वाटतो, तर रॉकेल स्टोव्हला स्पिरिटची बाटली, काकडा आणि पिन हा संसार सोबत न्यावा लागतो आणि भर पावसात बर्नर तापवताना धीर सुटतो. राधानगरीसारख्या अभयारण्यात परवानगीविना दोहोंपैकी काहीही पेटवता येत नाही, आणि बंद तंबूत किंवा खोलीत कार्बन मोनॉक्साइडमुळे दोन्ही सारखेच घातक ठरतात.

म्हणून नवख्याने पहिली दोन वर्षे पंपाच्या रॉकेल स्टोव्हवरच हात बसवावा, आणि पहिला स्टोव्ह स्वीडनचा नसून आपल्याकडे बनलेला असला तरी बिघडत नाही. त्याचे सुटे भाग स्वस्त मिळतात आणि चूक झाली तर हळहळ कमी होते. आजोबांचा पेट्रोल स्टोव्ह आधीच घरात असेल, तर त्याची टाकी रिकामी करून, झाकण उघडे ठेवून तो कपाटात ठेवावा आणि नव्या सुरक्षा व्हॉल्व्हची मागणी आजच नोंदवावी. तो हातात येईपर्यंत वॉशर वळवायला शिकून होते.