टोकन मेलं, खूण हिरवीच: ब्लॉगला पेज जोडणाऱ्या प्लगइनचा अनुभव

नूतनीकरणाचा मेल आलाय, म्हणून लिहायला बसले. वर्डप्रेसवर लेख प्रसिद्ध झाला की तो आपोआप फेसबुक पेजवर आणि मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखं समाजमाध्यम) टाकणारं एक विकतचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची पूरक सोय) मी गेल्या उन्हाळ्यापासून वापरते. नाव देत नाही, कारण मला जे खटकलंय ते तपासायला या जातीचं कुठलंही प्लगइन चालेल. अ‍ॅप (फेसबुककडे करायची जोडणीची नोंद) कसं बनवायचं, त्याचा आयडी आणि सिक्रेट (गुप्त संकेत) कुठे चिकटवायचं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

चांगलं ते आधी सांगते. मांडणी सुटसुटीत आहे, मराठी मजकूर कुठे तुटत नाही, मुख्य चित्र बरोबर उचललं जातं, श्रेण्यांप्रमाणे कुठला लेख कुठे जाईल हे ठरवता येतं. साइट जड होत नाही. पहिले काही महिने मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि अशा गोष्टीची हीच खरी पावती.

मग मारबत आली.

आमचा ब्लॉग जुन्या नागपूरचा आहे. महाल, इतवारी, तिथले वाडे, सण, खाणं. वाचणारे निम्मे लोक नागपूर सोडून गेलेले. तान्हा पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पीडा घालवणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते, बडगे (टोमणे मारणारे पुतळे) येतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा एकच गलका होतो. पुण्यात, बंगळुरात, परदेशात बसलेली माणसं त्या दिवशी पेज उघडून फोटोंची वाट पाहतात. आम्ही गर्दीतून फोटो काढले, लेख चढवला, प्रसिद्ध केला. प्लगइनच्या पडद्यावर पेजच्या नावापुढे हिरवी खूण आणि ‘कनेक्टेड’. नोंदवहीत ‘सेंट’. आम्ही निवांत जेवायला बसलो. संध्याकाळी एका वाचक आजींचा फोन आला, ‘या वर्षी मारबत नाही का टाकली?’ पेजवर काहीच नव्हतं. आदल्या दिवशीचा पोळ्याचा लेखही नव्हता.

कारण सापडायला वेळ लागला, पण ते साधं निघालं. पेज ज्यांनी सुरू केलं ते आमचे फोटोवाले काका. टोकन, म्हणजे पासवर्ड न देता पेजवर पोस्ट टाकू देणारी किल्ली, त्यांच्याच लॉगिनवरून घेतलेलं. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘अगं बाई, पासवर्ड ना मी पोळ्याच्या आदल्या रात्रीच बदलला. पोरगा म्हणून राहिला होता, किती वर्षं तोच ठेवून राहिले म्हणून.’

मुलाचा सल्ला योग्यच होता. पण फेसबुकची रचना अशी आहे की माणसाने पासवर्ड बदलला की त्याच्या लॉगिनवरून निघालेली टोकनं बाद होतात. सुरुवातीचं टोकन तास-दोन तासांचं असतं, ते बदलून घेतलं की साधारण ६० दिवसांचं मिळतं, आणि त्या दीर्घ टोकनवरून काढलेल्या पेज टोकनला तारखेची मुदतच नसते. फेसबुकच्या डीबगरमध्ये (टोकन तपासायचं पान) ‘एक्स्पायर्स’ पुढे ‘नेव्हर’ दिसतं. त्या ‘नेव्हर’वर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते फक्त तारखेपुरतं खरं आहे. पासवर्ड बदलला, अ‍ॅपची परवानगी काढली, पेजवरची भूमिका गेली, की टोकन संपलं. फेसबुक हे लपवत नाही. उत्तरात कोड १९० येतो, उपकोड ४६० येतो, आणि पासवर्ड बदलल्यामुळे सत्र रद्द झालं असं वाक्यही सोबत येतं. आमच्या सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ते वाक्य दोन्ही लेखांच्या वेळेला जसंच्या तसं पडलेलं होतं. प्लगइनने ते घेतलं आणि आम्हाला सांगितलं नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने प्लगइनची फाइल उघडली आणि खूण कुठून येते ते शोधून काढलं. डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलमध्ये टोकनचा रकाना असतो. तो रिकामा नसला की खूण हिरवी. ‘मावशी, यानं फेसबुकला विचारलंच नाही. रकाना भरलेला आहे, एवढंच पाहून राहिलं.’ आणि ‘सेंट’ म्हणजे विनंती आमच्या सर्व्हरवरून बाहेर पडली, इतकंच. समोरच्याने ती घेतली की परत फेकली, याची नोंदच नाही.

मला हे क्षुल्लक वाटत नाही. पोस्ट हाताने टाकायला दोन मिनिटं लागतात. मी पैसे भरले ते ती दोन मिनिटं वाचवण्यासाठी नाहीत, पोस्ट गेली का हे बघत बसावं लागू नये म्हणून. लाल खूण दिसली असती तर मी पाच मिनिटांत नवं टोकन घेतलं असतं. काही खूणच नसती तर मी पेज उघडून पाहिलं असतं. खोटी हिरवी खूण या दोन्हींपेक्षा वाईट, कारण ती माणसाला बघायचंच थांबवते. टोकन जिवंत आहे का हे विचारायला फेसबुकने स्वतंत्र सोय दिलेली आहे. एक विनंती पाठवायची, उत्तरात ‘इज व्हॅलिड’ पुढे ट्रू की फॉल्स ते वाचायचं. डॉलरमध्ये वर्गणी घेणाऱ्या मालाला दिवसातून एकदा एवढं करता येऊ नये?

ग्राहकसेवेला लिहिलं. पहिलं उत्तर ठरलेलं: डिस्कनेक्ट करा, पुन्हा कनेक्ट करा. मी कळवलं की ते केलंय, तक्रार खुणेबद्दल आहे. दुसऱ्या उत्तरात त्यांनी माझं चालू अ‍ॅक्सेस टोकन मेलने पाठवायला सांगितलं, ‘तपासणीसाठी’. इथे माझा पारा चढला. हे टोकन म्हणजे बेअरर चेक आहे. ज्याच्या हातात, त्याचा. त्याच्यावर नाव तपासलं जात नाही, पासवर्ड विचारला जात नाही. हेच काम विकणाऱ्या कंपनीने ते मेलमधून मागावं? कोणी मागितलं तर देऊ नका. मेलेलं असलं तरी नाही, कारण त्या सवयीने पुढचं जिवंत टोकन जाईल. मी एरर लॉगमधल्या ओळी टोकन पुसून पाठवल्या. त्यावर ‘विकास विभागाकडे दिलं आहे’ असं आलं आणि संवाद थांबला.

त्या आठवड्यात मी या अनुभवाचा जो खर्डा लिहिला त्यात प्लगइनइतकंच टोकनच्या पद्धतीलाही झोडपलं होतं. काकांनी स्वतःचा पासवर्ड बदलावा आणि पेज मुकं व्हावं, हा कुठला न्याय, असं वाक्य होतं त्यात. ते वाक्य मी आता काढलंय, आणि का काढलं ते सांगते.

दिवाळीनंतर साइटची थीम बदलायची होती. काम करणाऱ्या मुलाला रीतीप्रमाणे साइटचा पूर्ण बॅकअप दिला. काम झालं, पैसे दिले, मुलगा दुसरीकडे नोकरीला लागला. नंतर त्यानेच प्रामाणिकपणे कळवलं की ती बॅकअपची फाइल त्यांच्या जुन्या ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर राहिली आहे, तिथे अनेकांचा हात जातो. बॅकअपमध्ये डेटाबेस, डेटाबेसमध्ये टोकन, उघडं, जसंच्या तसं.

काकांनी फेसबुकच्या सेटिंगमध्ये बिझनेस इंटिग्रेशन्स उघडून आमचं अ‍ॅप काढलं, आणि त्या फाइलमधलं टोकन तिथल्या तिथे निकामी झालं. काकांचा पासवर्ड त्या फाइलमध्ये कधी नव्हताच. आणि टोकन कोणाच्या हाती लागलं असतं तरी त्याला पेजवर पोस्ट टाकण्यापुरत्याच परवानग्या होत्या. काकांचे निरोप वाचता आले नसते, त्यांचं खातं हिसकावता आलं नसतं. पूर्वी अशा जोडण्यांना सरळ पासवर्डच द्यावा लागे. ट्विटरने एपीआयसाठी (बाहेरच्या प्रोग्रॅमना जोडण्याचा दरवाजा) पासवर्ड घेणं २०१० मध्ये बंद केलं. ओऑथचा, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन देण्याच्या पद्धतीचा, पहिला आराखडा २००७ चा, आज बहुतेक जण वापरतात तो ओऑथ २.० हा २०१२ चा. हे आकडे मला आधीही माहीत होते, पण त्या संध्याकाळी त्यांचा उपयोग काय ते कळलं. टोकन मारता येतं, म्हणूनच ते दुसऱ्याच्या हातात द्यावं. माझा राग आता फक्त मेलेल्याला जिवंत दाखवणाऱ्यावर आहे.

एका माणसाच्या पासवर्डवर पेज टांगलेलं राहू नये यासाठीही उपाय आहे: बिझनेस खात्यात सिस्टीम युजर (माणसाचा नसलेला, फक्त प्रोग्रॅमसाठीचा वापरकर्ता) तयार करून त्याचं टोकन घ्यायचं. ते कोणा काका-मावशीच्या लॉगिनशी बांधलेलं नसतं. आम्ही आता तेच लावलंय. बिझनेस खात्याची मांडणी करताना थोडं डोकं दुखतं, पण एकदाच.

नव्याने जोडणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. अ‍ॅप डेव्हलपमेंट मोडमध्ये (चाचणीच्या अवस्थेत) राहिलं तर पोस्ट जाते, तुम्हाला दिसते, वाचकांना दिसत नाही. लाइव्ह करायला विसरू नका. आणि वैयक्तिक प्रोफाइलवर आपोआप टाकणं ऑगस्ट २०१८ पासून बंद आहे, ग्रुपचा मार्गही २०२४ मध्ये बंद झाला. जाहिरातीत कोणी ‘प्रोफाइल, ग्रुप, सगळीकडे’ म्हणत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

आता मॅस्टोडॉन. याबद्दल मी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती, आणि सगळ्यात जास्त सुख इथेच मिळालं. सेटिंगमध्ये डेव्हलपमेंट, तिथे नवं अ‍ॅप्लिकेशन, नाव द्या, परवानग्या निवडा, जतन करा. टोकन समोर. रिव्ह्यू (कंपनीकडून मंजुरी) नाही, गोपनीयता धोरणाचा दुवा नाही, पैसे नाहीत. परवानग्या इतक्या बारीक वाटलेल्या आहेत की फक्त पोस्ट लिहिण्याची एक आणि चित्र चढवण्याची एक अशा दोनच दिल्या, बाकी सगळ्या खुणा काढल्या. तुम्ही स्वतः रद्द करेपर्यंत ते टोकन चालतं.

मराठीवाल्यांसाठी इथे वेगळाच फायदा आहे. आपले दुवे किती लांबतात ते तुम्ही पाहिलं असेल. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह दुव्यात टक्क्यांच्या खुणांसकट ९ अक्षरांचं होतं. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. वर्डप्रेसमध्ये स्लगला (दुव्यातलं लेखाचं नाव) २०० अक्षरांची मर्यादा असल्यामुळे शीर्षक साधारण २२ चिन्हांवर कापलं जातं, आणि तरीही शेपूट ओळभर असतं. मॅस्टोडॉनवर नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची, आणि दुवा कितीही लांब असो, त्याची २३ च अक्षरं मोजली जातात. म्हणजे लेखाचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा पुरा बसतो. मारबतीचा लेख तिथे वेळेवर गेला होता, पूर्ण, चारही फोटोंसकट. वाचक तिथे मूठभर आहेत, पण त्या मूठभरांना तो मिळाला.

आता पैशाचं. वर्गणी डॉलरमध्ये, त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार वेगळा. आमच्या ब्लॉगला जाहिराती नाहीत. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च आम्ही तिघं वाटून घेतो. भाच्याने एक छोटी फाइल लिहून दिली आहे. ती रोज सकाळी दोन्ही टोकनांची विचारपूस करते आणि नकार आला तर आम्हा तिघांना मेल करते. वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) साइटवर कोणी आलं तरच जागं होतं, म्हणून होस्टिंगच्या पॅनलमधून खरं क्रॉन लावलं. पोस्ट टाकायचं कामही त्याच फाइलमध्ये घालता येईल असं तो म्हणतो, आणि आमच्या स्वतःच्या पेजसाठी आमचंच अ‍ॅप असल्यामुळे अ‍ॅप रिव्ह्यूची गरज नाही. मग वर्षाला डॉलर कशाचे मोजायचे?

एवढं लिहून झाल्यावर प्लगइनची नवी आवृत्ती आली. खुणेखाली ‘शेवटची तपासणी’ आणि वेळ अशी ओळ दिसायला लागली आहे. माझ्या पत्राचा परिणाम की आणखी कोणाच्या, ठाऊक नाही, पण मला बरं वाटलं. लगेच विश्वास मात्र ठेवला नाही. चाचणीच्या साइटवर टोकन घेतलं, फेसबुकमधून अ‍ॅप काढून टाकलं आणि पडदा उघडा ठेवला. पान ताजं केलं, खूण हिरवी. तपासणीची वेळ पुढे सरकलेली, तरी खूण हिरवी. रात्री लेख पाठवून पाहिला तेव्हा ती लाल झाली, आणि या वेळी मेलही आला.

म्हणजे आता ते नकार ऐकतं, पण आपणहून विचारत अजून नाही. सुधारणा आहे हे मान्य करते. पाचपैकी दोनवरून तीनवर जाते. ऑटो-रिन्यूअल काल रात्री बंद केलंय. घेणाऱ्यांनी चाचणीच्या मुदतीत हीच परीक्षा करावी: टोकन मुद्दाम मारायचं, लेख न पाठवता एक दिवस थांबायचं, मग खूण पाहायची. लाल झाली तर पैसे भरायला हरकत नाही, आणि नाव मलाही कळवा.