सहा इंची दुर्बीण: वर्षभराच्या वापरानंतर

जानेवारी २०२५ मध्ये संध्याकाळच्या आकाशात शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ एकाच वेळी दिसत होते, आणि अनेक वर्षे लांबणीवर टाकलेली दुर्बिणीची खरेदी मी त्याच महिन्यात केली. ही १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची परावर्तक दुर्बीण असून ती हाताने फिरवायच्या डॉबसोनियन बैठकीवर बसते. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस, म्हणजे डोळ्याजवळची भिंगे, मिळतात, म्हणजे चित्र अनुक्रमे ४८ आणि १२० पट मोठे दिसते. सगळे मिळून सुमारे ३५ हजार रुपये पडले. सूर्यमालेचा शोध कसकसा लागत गेला हे ज्याला केवळ वाचून भागवायचे नाही, त्याने ही घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतामागे मुख्यतः गुरू आहे. तेव्हा रोहिणी ताऱ्याजवळ असलेल्या त्या तेजस्वी ठिपक्यावर २५ चा आयपीस लावून दुर्बीण रोखली की गुरूचे चपटे बिंब, त्यावरचे दोन तपकिरी पट्टे आणि एका रेषेत ओवल्यासारखे चार चंद्र पहिल्याच रात्री दिसतात. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी याहून कितीतरी लहान दुर्बिणीतून यांतले तीन पाहिले होते, आणि चौथा त्याला १३ जानेवारीला दिसला. सगळेच काही पृथ्वीभोवती फिरत नाही, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा त्यातून हाती आला. मी सलग पाच रात्री त्या चंद्रांच्या जागा वहीत मांडल्या, आणि पाचव्या रात्री ती पाने एकाखाली एक ठेवून पाहिल्यावर ते खरोखरच गुरूला प्रदक्षिणा घालत आहेत हे कोणी न सांगता कळले.

फेब्रुवारीतली एक रात्र मात्र या सगळ्याहून मोलाची ठरली. त्या चार चंद्रांपैकी आयो हा गुरूच्या सावलीत शिरलेला होता आणि त्याचे ग्रहण सुटण्याची वेळ मी आधी पाहून ठेवली होती. १० च्या आयपीसमध्ये बिंबाच्या कडेपासून थोड्या अंतरावर, अगदी काळ्या आकाशात, आधी शंका यावी इतका मंद ठिपका उमटला आणि तीनेक मिनिटांत तो इतर चंद्रांइतका तेजस्वी झाला. आयो गुरूभोवती सुमारे साडेबेचाळीस तासांत फिरतो, त्यामुळे ही ग्रहणे घड्याळासारखी नियमित असायला हवीत. परंतु पृथ्वी गुरूपासून दूर जात असते त्या महिन्यांत ती उशिरा सुटतात, कारण प्रकाशाला दर वेळी थोडे अधिक अंतर कापावे लागते. ओल रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये याच उशिरावरून प्रकाशाला ठरावीक वेग आहे हे दाखवून दिले. त्याच ग्रहणांच्या कोष्टकांवरून दूरदूरच्या ठिकाणांचे रेखांश काढता येऊ लागले आणि त्यांच्या आधारे फ्रान्सचा नकाशा नव्याने काढल्यावर त्या देशाचा पश्चिम किनारा आधी समजत होते त्यापेक्षा पूर्वेला सरकला. ग्रहांचा अभ्यास करून माणसाला काय मिळाले असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण आधी देतो.

हाच आयो नासाच्या व्हॉयेजर १ यानाने मार्च १९७९ मध्ये जवळून पाहिला. यानाची दिशा तपासण्यासाठी, मागचे तारे दिसावेत म्हणून मुद्दाम जास्त उजळ घेतलेल्या एका छायाचित्रात मोहिमेतल्या अभियंत्या लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर छत्रीसारखा फवारा आढळला, आणि पृथ्वीबाहेरचा पहिला जागता ज्वालामुखी हाती लागला. माझ्या दुर्बिणीत तो चंद्र केवळ टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, तरीही हे ठाऊक असताना त्याच्याकडे पाहणे वेगळे असते. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले तेव्हा पडलेले काळे डाग लहान दुर्बिणींतूनही दिसले होते. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा शोध त्यानंतर गांभीर्याने घेतला गेला, आणि २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळून त्याचा मोठ्या जोडीदाराभोवतीचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी करून दाखवला.

शनीच्या बाबतीत हे वर्ष अवघड गेले, कारण कडी जवळजवळ आडवी झाली होती आणि नोव्हेंबरमध्ये तिची केवळ रेघ उरली होती; आता ती वर्षागणिक उघडत जाईल. मंगळाने निराशा केली. चंद्र मात्र अपेक्षेहून फार सरस दिसतो. त्याच्या दक्षिण टोकाकडे मँझिनस नावाचे सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचे विवर आहे, आणि त्याच भागात २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले. यान अर्थातच दिसत नाही, परंतु ऊन तिरपे असताना विवरांच्या कडांच्या लांबच लांब सावल्या पाहिल्या की तिथे यान अलगद उतरवणे किती कठीण होते हे लक्षात येते.

त्रुटीही सांगायला हव्यात. दुर्बीण आली तेव्हा आरसे जुळलेले नव्हते आणि तारे शेपटीसारखे पसरत होते. विक्रेत्याला फोन केल्यावर आकाश खराब असेल एवढेच उत्तर मिळाले, आणि शेवटी एका अनुभवी निरीक्षकाने दहा मिनिटांत स्क्रू फिरवून ती जुळवून दिली. नंतर मी हौसेने घेतलेला ४ मिलिमीटरचा स्वस्त आयपीस निरुपयोगी ठरला. वजन सुमारे सोळा किलो असल्याने गच्चीवर न्यायला दोन फेऱ्या लागतात, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत कठडाच आड येतो. पावसाळ्याचे चार महिने ती बंद ठेवावी लागते. त्या काळात सिलिका जेलच्या पुड्या नळीत ठेवाव्यात आणि दोन्ही टोकांना झाकणे लावावीत, नाहीतर आरशाला बुरशी धरते.

खरेदीआधी मुंबईजवळच्या वांगणीसारख्या ठिकाणी होणाऱ्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला एकदा जाऊन याच आकाराच्या दुर्बिणीतून पाहून घ्यावे. पैसे कमी पडत असतील तर आकार कमी करावा, परंतु डगमगणाऱ्या तिवईवरची दुर्बीण घेऊ नये. आणि पहिले निरीक्षण २५ च्या आयपीसनेच करावे, कारण १० चा लावून गुरू शोधायला गेल्यास पहिली रात्र शोधण्यातच जाते.